ढावलोची शब्दसंख्या

पऱ्हाटीच्या धुराला किंचित गोड वास असतो. बोंडाच्या नखीत अडकून राहिलेला कापूस आधी भुर्रकन पेटतो, मग एखाद्या चुकार सरकीतले तेल चरचरते, आणि शेवटी उरतो तो काडीचा कोरडा, करडा धूर. माघातल्या त्या दुपारी माझ्या खोलीत आधी हा वास आला आणि त्याच्यामागून ती आली.

यवतमाळात आमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणांमध्ये एकच भिंत आहे. शेजारी सरकारी नोकरीत आहेत. त्यांची आई महागावकडच्या तांड्यावर राहते आणि कापसाची वेचणी आटोपली की महिनाभर लेकाकडे येते. येताना पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा आणते, कारण गॅसवर तापवलेले पाणी अंगाला लागत नाही असे तिचे ठाम मत आहे. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. घरचे तिला याडी म्हणतात म्हणून सारी गल्ली म्हणते, आणि मीही.

"काय करून राह्यली व बाई?" तिने उंबऱ्यावरूनच विचारले.

"शब्द मोजते आहे, याडी."

"कायले? कोनी चोरून नेते का?"

कोपरापासून वर चढलेल्या तिच्या पांढऱ्या बांगड्या दाराच्या चौकटीवर टकटकल्या. ती आत येऊन माझ्यामागे उभी राहिली आणि पडद्याकडे असे पाहू लागली, जसे कोणी दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते आहे ते पाहावे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्या वर्षी एक छोटी समिती जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या गीतांचा संग्रह काढत होती आणि गीते जमवून पाठवण्याचे काम माझ्याकडे आले होते. अट एकच होती. मूळ गीत तीनशे शब्दांच्या आत हवे. संपादिकेने इंटरनेटवरचे एक पान दिले होते. त्यात एक पांढरी चौकट. तिच्यात मजकूर ओतला की खाली आकडा धावत सुटे. तीनशेच्या आत असेल तोवर हिरवा, पुढे गेला की लाल, आणि लाल झाल्यावर चौकट काही म्हणजे काही स्वीकारत नसे.

मोजण्याचे मला पहिल्यापासून कुतूहल आहे. छंद मी शिकले ते बोटांच्या पेरांवर. लघूला एक, गुरूला दोन. अंगठा पेरावरून पेरावर सरकत राही, आणि ओळीत काही चुकले तर ते हाताला आधी कळे, कानाला नंतर. पुढे संगणक घरात आला आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात शब्दांचा आकडा दिसला, तेव्हा मी त्याची परीक्षा घेण्यासाठी एकच शब्द लिहिला होता : स्त्री. माझ्या कानाला ते एक अक्षर. छंदाच्या हिशेबात दोन मात्रा. यंत्राने अक्षरांच्या रकान्यात दाखवले सहा. मी थक्क झाले आणि शब्द मागून पुसत गेले. आधी वेलांटी गळाली, मग र, मग एक न दिसणारा सांधा, मग त, मग तसाच दुसरा सांधा. एखाद्या बाईने न्हाणीत जाण्याआधी एकेक दागिना उतरवून फळीवर ठेवावा, तसे ते अक्षर उतरत गेले आणि शेवटी एक उघडा स राहिला. आपण एका श्वासात जे म्हणतो ते कितीतरी तुकड्यांनी जोडलेले असते, हे मला त्या आकड्याने प्रथम दाखवले. तेव्हापासून मी आपल्या कविता त्याच्यापुढे ठेवते. सल्ल्यासाठी नव्हे, वजनकाट्यावर उगाच पाय ठेवून पाहावा, तसे.

हे सारे याडीला कसे सांगणार? मी एवढेच म्हटले, "बायकांची गाणी एका पुस्तकात घालायची आहेत. प्रत्येकीला थोडीच जागा आहे. म्हणून मोजते."

ती माझ्या खुर्चीची पाठ धरून पुढे वाकली. मग म्हणाली, "माहा ढावलो टाकतं का त्याच्यात?"

ढावलो म्हणजे गोर बंजारा नवरीचे रडणे. पण ते येईल तसे रडणे नव्हे. लग्न ठरले की थोरल्या बायका मुलीला रडायला शिकवीत. कोणाच्या गळ्यात कधी पडायचे, हनुवटी कुठे टेकायची, कोणता सूर धरायचा, कोणाला काय म्हणायचे, सारे ठरलेले. पाठांतर केलेले दुःख खोटे असते असे मी तरुणपणी समजत असे. पाठ केलेल्या कविता आयुष्यभर म्हणत आल्यावर तसे समजत नाही.

"टाकीन की," मी म्हणाले. "पण कोणी शिकत नाही का आता?"

"कोन शिकते? डीजेत काय आयकू येते बाप्पा? पोट्ट्या म्हंतात, रडलं तं मेकप जाते." ती हसली, मग हसू तसेच ठेवून म्हणाली, "मलेबी आता सुटून राह्यलं, बाई. शेंगा फोडता फोडता दाना खाली पडते ना, तसं. मायनं शिकवलं व्हतं मले. मी गेल्यावर कोनाले पुसशान? अख्खा टाक. सात जनीच्या गयात पडते नवरी. एक बी सुटू देऊ नको."

तिला हवे होते ते एवढेच. सातही जणी, एकही न सुटता.

तिने सांगितले आणि मी लिहून घेतले. गोरबोली मला पुरती येत नाही. याडी ओळ म्हणे, मग मराठीत अर्थ सांगे. पहिले कडवे आईच्या गळ्यातले. त्यात नवरी आईला म्हणते : राखेखाली निखारा जपून ठेवतेस, तशी मला का ठेवली नाहीस? ते ऐकताना माझे बोट कळफलकावर थबकले. कडवे संपल्यावर याडीने हाताने हवेत एक झुळूक उडवली. "मंग असंच मामीले. असंच मासीले. असंच समद्याईले."

मी कंसात लिहिले : (याचप्रमाणे मामी, मासी इत्यादींना). लोकगीते जमवणारे आम्ही सारे असेच लिहितो. ओवी असो, भोंडल्याचे गाणे असो, पहिले कडवे सविस्तर आणि पुढे याचप्रमाणे सासू, दीर, नणंद. सांगणाऱ्याही तशाच सांगतात. दुपारची कामे खोळंबलेली असतात. जे पुन्हा यायचेच आहे ते पुन्हा कशाला म्हणायचे? तिने असंच म्हटले, मी याचप्रमाणे लिहिले, आणि दोघींनाही त्यात काही गैर वाटले नाही. चौकटीत मजकूर ओतला. आकडा शंभराच्या आतच थांबला, टवटवीत हिरवा.

आठवड्याभराने कच्ची छपाई आली. मी भिंतीपाशी जाऊन याडीला हाक मारली. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, शेजारी तिची सून कपडे वाळत घालत होती. मी भिंतीवरून कागद धरून वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले. ती डोळे मिटूनच राहिली.

"मंग?" तिने विचारले.

"झालं."

"झालं? नवरी गाडीत बसली?"

"म्हणजे, पुढे लिहिलं आहे ना, याचप्रमाणे मामी..."

"अवो, ते तं अजून मायच्याच गयात हाये!" तिने डोळे उघडले. "मामी उभी हाये तिकडं, मासी उभी हाये, पदर डोयाले लावून. अन् तू म्हनतं झालं!"

"पण याडी, असंच म्हणून तुम्हीच सांगितलं."

"मी सांगतलं तं सांगतलं. असंच म्हनलं म्हंजे भेटली का व?"

सुनेने वाळत घातलेला टॉवेल बाजूला सारून तोंड काढले. "मॅडम, यात लय भानगडी होतात बरं. माझ्या लग्नात मी गडबडीत मोठ्या मामीच्या गळ्यात पडलीच नाही. तिनं त्या दिवशी जेवणही घेतलं नाही. अजून फोन केला की पहिले तेच म्हणते, तुले मी दिसली नव्हती का?"

"दिसतच नव्हती ते," याडी म्हणाली, "हिच्या डोयात ते काजय गेलतं."

"मस्कारा, याडी."

"तेच. रडासाठी डोयेच जाग्यावर नाई."

दोघी हसल्या; पण माझ्या हातातला कागद एकाएकी जड झाला. जिच्या गळ्यात पडून नवरी रडत नाही, ती बाई आपल्याला वगळले असे समजते. कंसातल्या त्या चार शब्दांत मी सहा बायकांना मांडवात उभे ठेवले होते. यंत्राने त्यांचे चारच शब्द मोजले होते, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होते. त्याला जेवढे दिसले तेवढे त्याने मोजले.

मग आम्ही पुन्हा बसलो. या वेळी याडी खुर्चीत, पाय वर घेऊन, आणि मी कळफलकाशी. तिने प्रत्येकीला पुरते भेटवले. आरंभीची ओळ तीच, परतून येणारी ओळही तीच, पण मध्ये प्रत्येकीसाठी एक वेगळी गोष्ट, तिची एकटीची. मामीला : तुझ्या अंगणातली बोरं अजून माझ्या ओटीत आहेत, ती कुठं सांडू? मासीला : तू लावलेली तीट पुसली गेली तर मला ओळखशील ना? थोरल्या बहिणीला : तू सासरी निघालीस तेव्हा मी हसले होते, ते हसू आज परत घे. भावजयीला : माझ्या जागेवर तुझं लेकरू निजव, पण माझी गोधडी इतक्यात धुऊ नको. मैत्रिणीला : विहिरीवर आता तुझा एकटीचाच दोर वाजेल.

भावजयीच्या ओळीशी मी विचारले, "धुऊ नको, हे का?"

"वास राह्यते ना माहेरवासनीचा," ती म्हणाली. जसे काही हे विचारण्यासारखे नव्हतेच.

सारे लिहून झाले आणि मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. साडेपाचशेच्या पुढे.

संपादिकेला फोन लावला. आवाज स्वच्छ, घाईतला, पण वाईट नाही.

"मॅडम, यात पुनरुक्ती फार आहे. निम्म्या ओळी त्याच त्या."

"गळा वेगळा आहे," मी म्हणाले.

"काय वेगळं आहे?"

"गळा. जिला म्हणते ती बाई दर वेळी वेगळी आहे."

"तुमचं म्हणणं मला समजतं हो. पण मी एकाला सोडलं तर बाकीचे माझा गळा धरतील. आईचं कडवं ठेवा, आणखी दोन निवडा. तीनशेत बसेल."

"कोणत्या दोन?"

"ते तुम्ही ठरवा. किंवा त्यांना विचारा."

मी विचारले. याडीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी तो विषय तिथेच सोडला.

मग मी एक उद्योग केला, ज्याची आता गंमत वाटते. शब्द मोजणाऱ्या यंत्राला शब्द म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती दोन शब्दांमधली मोकळी जागा. एका मोकळ्या जागेपासून दुसरीपर्यंत जे काही असेल तो त्याचा एक शब्द, मग ते एक अक्षर असो की अख्खी ओळ. मी जागा पुसू लागले. आधी नाते आणि हाक जोडली, मग क्रियापद कर्त्याला चिकटवले, मग अर्धी ओळ अर्ध्या ओळीला. एकही अक्षर कमी न करता आकडा उतरू लागला. पाचशे, साडेचारशे, चारशे. मला लहान मुलीसारखा आनंद झाला. तीनशेच्या खाली आल्यावर आकडा हिरवा झाला आणि चौकटीने ते गीत निमूट घेतले.

त्याच वेळी याडी चहाचा कप घेऊन आत आली आणि पडद्याकडे पाहून थबकली. तिला वाचता येत नाही, पण आकार दिसतात.

"हे काय झालं व? मघा तं मोकये मोकये होते."

"जवळ आणले त्यांना. मावत नव्हते."

तिने मान कलती करून पाहिले. "गयात गया घालून राह्यले," ती म्हणाली आणि खूश झाली. "वाच बरं."

मी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीवर अडखळले. डोळ्यांना शब्द सापडत होते, पण छातीला जागा सापडेना. ओळ संपेपर्यंत माझा श्वास संपला आणि आवाज फाटला.

याडीने कप खाली ठेवला. "हुंदका कुठी घेऊ?"

मी तिच्याकडे पाहिले.

"माय म्हनलं की श्वास आत येते. पुढचं म्हनलं की बाहेर जाते. आत यावाले जागा पाह्यजे ना? असं गच्च भरलं तं नवरी मरून जाईन!"

ती कप घेऊन गेल्यावर मी शब्दसंख्येची ती छोटी खिडकी उघडली, जी मी शेकडो वेळा पाहिली होती. तिच्यात दोन ओळी असतात : मोकळ्या जागांसह अक्षरे, आणि मोकळ्या जागांशिवाय. आजवर मला ते कचेरीचे काहीतरी वाटत असे. मी मूळचे, सुटे गीत पुन्हा पडद्यावर आणले आणि एका आकड्यातून दुसरा वजा केला. वजाबाकीत जे उरले ते अक्षर नव्हते, मात्रा नव्हती, काहीच नव्हते. पाचशेहून अधिक ठिकाणी काहीच नव्हते, आणि तिथेच तिचा श्वास आत येत होता. माझे छंदाचे शास्त्र यती सांगते, ओळीतला विसावा. पण तो एखादा, ठरल्या जागी. हा आकडा नुसता हुंदक्यांना मोकळ्या ठेवलेल्या जागांचा होता. खिडकी बंद करावीशी वाटेना.

मी चौकटीत ओतलेले जोडगीत मागे घेतले आणि संपादिकेला पुन्हा फोन लावला. या वेळी वाद घातला नाही. मी तिला आईचे कडवे फोनवरच वाचून दाखवले, दोन्ही प्रकारे. आधी चिकटवलेले, मग सुटे. सुटे वाचताना, नकळत, याडीसारखे थांबत गेले.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"परिशिष्ट आहे आपल्याकडे," ती म्हणाली. "तिथं शब्दमर्यादा नाही. पण तिथे समितीचा वेगळा नियम आहे. फक्त संपूर्ण गीतं. मधलं काही गहाळ असेल तर नाही घेत. मग ते पुस्तकात त्रोटक स्वरूपातच जातं. तुमचं संपूर्ण आहे?"

"हो. सात बायका आहेत, सातही आल्या आहेत."

"बघून सांगा. पानं उद्या सकाळी छापायला जातात."

फोन ठेवला आणि सवयीने मी खात्री करून घेतली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी जी ओळ परतून येते ती शोधाच्या रकान्यात घातली. यंत्राने त्या ओळी पिवळ्या केल्या आणि वर कोपऱ्यात आकडा दाखवला. सहा.

मी पुन्हा शोधले. सहाच.

भिंतीपाशी गेले. याडी अंगणात चुलीपाशी होती, पाण्याखाली पऱ्हाटी सारत. "याडी, सहा जणीच झाल्या आपल्या."

"सात हायेत."

"यंत्र सहा म्हणतं."

"तुही मशीन खोटी हाये. मघा म्हने जागा नाई, मंग म्हने जागा हाये. तिचं काय धरतं?"

पण ती उठून आली. खोलीत उभी राहून तिने उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या हाताची बोटे धरली. माय. अंगठा दुसऱ्या बोटावर गेला आणि ते बोट ती धरून राहिली. ओठ हलले. तिसऱ्या बोटावर मामी आली, मग मासी, मग बाकीच्या. अंगठा परत दुसऱ्या बोटावर आला.

"काकी राह्यली," ती अगदी हळू म्हणाली.

"मग सांगा ना. आत्ता लिहून घेते."

ती खुर्चीत बसली. आरंभीची ओळ म्हटली. थांबली. पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा तिने ती आईच्या कडव्यापासून उचलली, जशी गाडी मागे नेऊन वेग घेऊन चढावर घालावी, आणि काकीपाशी येऊन ती तशीच थांबली. काकीसाठी जी एक गोष्ट होती, तिची एकटीची, ती तिच्याजवळ नव्हती. मी मामीच्या बोरांची आठवण दिली, विहिरीच्या दोराची दिली. ती मान हलवत राहिली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि लांबून एसटीचा हॉर्न.

"गेलं," ती म्हणाली. "काकी तं समोर दिसून राह्यली मले. काळं लुगडं, हातात गूळ. पन तिले काय म्हनलं ते गेलं."

तेवढ्यात सून तिला शोधत आली. सारे ऐकून ती सहज म्हणाली, "मॅडम, तुम्ही कविता करता ना? मग तुम्हीच टाका की बनवून एक कडवं. कोणाला कळणार आहे?"

खरे सांगायचे तर ते मला सुचले नव्हते असे नाही. मला त्या गीताची चाल आता ठाऊक होती, त्याची वळणे ठाऊक होती, शब्दांची संख्याही. हातातला गूळ तर तिने दिलाच होता. अर्ध्या तासात एक बऱ्यापैकी कडवे झाले असते आणि उद्या सकाळी गीत संपूर्ण म्हणून छापायला गेले असते. माझी बोटे कळफलकावरच होती.

"काकीले कयीन," याडी म्हणाली.

"काकी कुठे आहे आता, याडी?" सुनेने विचारले.

"कुठी बी असो. तिले कयीन."

मी बोटे उचलली आणि मांडीवर ठेवली. पडद्यावर सहा पिवळ्या ओळी तशाच होत्या. मला एक गोष्ट खुणावत होती. बाकीच्या सहा जणी तिने खुर्चीत बसूनच सांगितल्या, मग हीच का येत नसावी? कदाचित त्या तिला शब्दांनी पाठ असतील आणि ही दुसऱ्या कशाने. पेरांवर मात्रा मोजणारी मी, मला हे नवे नव्हते. कितीदा ओळ तोंडात नसते आणि अंगठा पेरावर ठेवताच येते.

"याडी," मी विचारले, "शिकताना तुम्ही बसून शिकला होता?"

तिने माझ्याकडे पाहिले. "बसून कोन रडते?"

आणि ती उठली. पदर खोचला, माझ्या खुर्चीजवळ आली. "उठ बरं."

मी उठले. सुनेने न सांगता मोबाइल काढला, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि तो मेजावर पालथा ठेवला. याडी माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणी आहे. तिने माझे दोन्ही खांदे धरून मला किंचित वाकवले, जसे रोपाला हाताने कलते करतात. तिची हनुवटी माझ्या डाव्या खांद्यावर आली. तिचा हात माझ्या पाठीवर पसरला आणि बांगड्यांची थंड कड माझ्या पाठीच्या मणक्याला लागली. तिच्या केसांत पऱ्हाटीचा धूर होता, खाली करडईच्या तेलाचा वास, आणि त्याच्याही खाली मानेपाशी गरम अंगाचा, जो कोणाही वृद्ध बाईचा असतो. मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग तेही तिच्या पाठीवर गेले. तिच्या फासळ्या माझ्या तळव्यांना कळत होत्या.

ती हलू लागली. डावीकडे, उजवीकडे, अगदी थोडी, आणि तिच्याबरोबर मीही. शब्द नव्हते. नुसता एक सूर, नाकातून, खालून वर चढणारा. तो माझ्या कानाला लागण्याआधी खांद्याच्या हाडाला लागला. आरंभीची ओळ तिने म्हटली आणि थांबली. मी वाट पाहिली. मघा तीनदा ती इथेच अडली होती. तिने पुन्हा तो सूर धरला, पुन्हा ओळ म्हटली. सून दाराला टेकून उभी होती, श्वासही न घेता.

मग माझ्या तळव्यांखाली तिची पाठ फुगली. हवा आत आली, तुटत तुटत, तीन झटक्यांत, आणि ती छातीत थांबून राहिली. तिची बोटे माझ्या पाठीत रुतली. आणि माझ्या कानाशी, त्या सुरातच, ओळीच्या पुढचे, मघा न आलेले, ती मला म्हणू लागली,

"काकी..."